गदा पैलवानाला, नारळ वस्तादाला!

दिवाळीच्या फराळाबरोबर भांडण वाढू नये, असा संकेत आहे. पण वर्षभर मनात साठलेले एक भांडण मी आज ताटात वाढणारच.

आमच्या धाडकडे, बुलढाणा जिल्ह्याच्या या टोकाला, जत्रेच्या फडात कुस्ती निकाली झाली की जिंकणाऱ्याला फेटा, रोख इनाम आणि खांद्यावरची मिरवणूक! त्याला घडवणारा वस्ताद कडेला उभा असतो. त्याच्या हाती पडलाच तर एक नारळ. माझे भांडण या नारळाशी आहे.

१९७७ साली बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सत्पालला हरवले. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा हा मल्ल १९६९ चा महाराष्ट्र केसरी आणि १९७२ चा रुस्तम-ए-हिंद. पुढे दोघेही वस्ताद झाले. बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत, सत्पाल दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये. छत्रसालने काय दिले? सुशील कुमारची २००८ आणि २०१२ ची, योगेश्वर दत्तचे २०१२ चे, रवी दहियाचे टोकियोतले, अमन सेहरावतचे २०२४ चे, अशी ऑलिंपिक पदके. २०१५ मध्ये सत्पालला पद्मभूषण मिळाले.

आणि आपल्याकडे? बिराजदारांच्या हाताखाली वाढलेला पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक कांस्यपदक घेऊन आला. ऑलिंपिकला मात्र त्याला जाता आले नाही. त्याचे हे यश पाहायला वस्ताद नव्हते; २०११ मध्येच ते गेले. मागे काका पवारांनी शिष्याला सांभाळले.

आता सांगा, उणे कशात होते? मनगटात नव्हे; त्याचा निवाडा बेळगावला झाला आहे. उणे होते ते वस्तादाच्या पाठीमागे. सत्पालच्या मागे सरकारी नोकरी होती, स्टेडियम होते, गादी होती. आपल्या वस्तादाच्या मागे असते ती शिष्याने केलेली गुरुपौर्णिमा.

काही जाणते म्हणतात, "माती सुटली की कुस्ती मेली." माती सोडा असे कोण म्हणतो? मातीने दम येतो, अंग रापते. पण मातीत दमाने वाट पाहणारा शहाणा ठरतो. गादीवर नुसती वाट पाहिली तर गुण जातो. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, आणि रेषेबाहेर पाऊल पडले तरी हिशेब चुकता! खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा गादी त्यांना नवखी होती, सहावे आले. ती अंगवळणी पडल्यावर १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणले. त्यानंतर आजवर महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला ऑलिंपिक पदक नाही!

जिंकलेल्या मल्लाला आपण पोलिसात घेतो. खाशाबांना घेतले, आवारेलाही घेतले. पोटाला भाकरी हवीच, माझी तक्रार नाही. पण याच ज्ञानाला तालमीत पगारावर बसवावे, पोराच्या खुराकाची चिंता वस्तादाने करू नये, हे कोणाच्या मनात कसे येत नाही? गदेच्या सोहळ्याला मंडप घालायला पैसा असतो. तालुक्यागणिक एक गादी आणि एक पगारी वस्ताद म्हटले की तिजोरी आटते!

घराघरांतून अंक वाचणाऱ्या आयाबापांना माझे एवढेच सांगणे आहे: पुढच्या जत्रेत पोराचे नाव पुकारले की टाळ्या वाजवा, पण पंचांना विचारा, याला शिकवले कोणी, आणि त्याचे घर कशावर चालते? उत्तर मिळेपर्यंत फड सोडू नका.