घड्याळ मागे का गेलं?

दोस्तांनो, समजा मे महिन्याची सुट्टी गावाला घालवून तुम्ही घरी आलात. शाळेचा प्रकल्प आठवला, म्हणून संगणक सुरू केला. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी सूचना आली आणि यंत्र थबकलं. 'एफ वन' दाबल्यावर गाडी पुढे सरकली खरी, पण कोपऱ्यातली तारीख पाहता तर 1 जानेवारी 2015! इंटरनेटवरची पानंही उघडेनात. शेजारचे काका म्हणाले, "मदरबोर्ड गेला, आता हजारोंचा खर्च!" आई-बाबांचे चेहरे उतरले.

थांबा! आधी दोन-तीन वडापावांच्या किमतीत मिळणारी एक वस्तू तपासूया.

संगणक बंद केला तरी त्याच्या पोटातलं एक घड्याळ चालूच राहतं. त्यातला क्वार्ट्झचा इवलासा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. आकडा विचित्र वाटला ना? कागद घ्या आणि त्याचे निम्मे, मग निम्म्याचे निम्मे करत जा. बरोबर पंधराव्या वेळी उत्तर 1 येतं! घड्याळही असंच निम्मे-निम्मे करत एक सेकंद मोजतं.

भिंतीवरचं बटण चालू असलं, की बहुतेक संगणकांत हे घड्याळ घरच्या विजेवर चालतं. ते महिनाभर बंद राहिलं, की सगळा भार मदरबोर्डवरच्या नाण्यासारख्या सेलवर पडतो. सेल थकलेला असेल, तर तो नेमका तेव्हाच मान टाकतो. 1981 च्या आयबीएम पीसीत अशी सोयच नव्हती. यंत्र सुरू केलं की तारीख-वेळ हाताने टाईप करावी लागे. 1984 च्या पीसी-एटीमध्ये सेलवर चालणारं घड्याळ आलं.

मग पानं का उघडली नाहीत? सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्याला एसटीच्या पासासारखी मुदत असते. कंडक्टरकडचं कॅलेंडरच चुकीचं असेल, तर तुमचा खरा पासही तो नाकारणार!

आता कामाला लागू. मोठं माणूस शेजारी हवंच. 'बिटलॉकर' वापरत असाल, तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. संगणक बंद करून वायर भिंतीपासून काढा. चालू करण्याचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. बाजूचं झाकण उघडा, स्क्रू वाटीत ठेवा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. चकचकीत गोल सेल दिसला? त्यावर बहुधा 'सीआर 2032' लिहिलेलं असतं. म्हणजे व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2 मिलिमीटर! दाब असतो 3 व्होल्ट. त्याच नंबरचा नवा सेल आणा. अधिक चिन्हाची बाजू कुठे आहे ते पाहून ठेवा. कडेची क्लिप हलकेच दाबली, की जुना सेल वर उचलला जातो. नवा तसाच बसवा.

झाकण लावून संगणक सुरू करा आणि तारीख-वेळ नीट भरा. घाबरू नका, तुमच्या फायली हार्ड डिस्कवर असतात. सेल काढल्याने त्या पुसल्या जात नाहीत. मग वायर काढून रात्रभर ठेवा. सकाळी तारीख बरोबर दिसली, तर जिंकलात! नाहीच दिसली, तर मात्र दुरुस्तीवाल्याला बोलवा.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. काढलेला सेल टेबलावर टाकून उठू नका. घरात रांगणारं बाळ असेल आणि त्याने तो गिळला, तर दोन तासांतच अन्ननलिका आतून भाजू शकते. थकलेल्या सेलमध्येही तेवढी ताकद उरलेली असते. असं झाल्याची नुसती शंका आली, तरी वाट न पाहता दवाखाना गाठा. सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, उंचावर ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्या.

हजारोंचा खर्च वाचवलात, शाबास! पण घरातल्या चिमुरड्याला जपलंत, तर दुप्पट शाबासकी. बरं, तुमच्या घरात असे नाण्यासारखे सेल आणखी कुठे-कुठे आहेत? आज आईबरोबर शोधून काढा. भेटू पुढच्या आठवड्यात!