भरतीची धाव आणि सिकलसेलचे कार्ड

पोलीस भरतीची चाहूल लागली, की पालघर-बोईसरकडे पहाटेची वर्दळ वाढते. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सरळ रस्त्यांवर कंपन्यांच्या बसगाड्या सुरू होण्याआधी मुले-मुली धावून घेतात. ऑगस्ट २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १५ हजारांहून अधिक पोलीस पदे भरण्यास मान्यता दिली आणि या धावण्याला नवे निमित्त मिळाले. धावणाऱ्यांत डहाणू, विक्रमगड, जव्हार, मोखाड्याच्या पाड्यांवरची मुले बरीच असतात. एक सरकारी नोकरी म्हणजे अख्ख्या घराला आधार. त्यामुळे धावता धावता थांबणे या मुलांना परवडत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे.

शारीरिक चाचणी ५० गुणांची. त्यातले २० गुण मुलांच्या १६०० मीटर धावण्याला आणि मुलींच्या ८०० मीटरला. मुलाने ५ मिनिटे १० सेकंदांत अंतर कापले तर पैकीच्या पैकी गुण. हा वेग ताशी साडेअठरा किलोमीटरच्या आसपास जातो. मध्यम पल्ल्याचा धावपटू अशा वेगासाठी महिनोन्‌महिने शरीर घडवतो. भरतीचा उमेदवार जाहिरात आल्यावर कंबर कसतो आणि दीड-दोन महिन्यांत तेच साधू पाहतो. हृदय-फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, पण हाडे आणि स्नायूबंध यांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणूनच तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडग्या दुखू लागतात आणि मग कोणीतरी वेदनाशामक इंजेक्शन सुचवतो. ते घेऊन, पाणी न पिता, उन्हात धावणे म्हणजे मूत्रपिंडाशी जुगार.

भरतीच्या मैदानावरचे मृत्यू महाराष्ट्राला नवे नाहीत. जून २०१४मध्ये मुंबईत ५ किलोमीटरच्या धावेत काही उमेदवार दगावले, त्यावर गदारोळ झाला आणि पुढे अंतर कमी केले गेले. झारखंडमध्ये २०२४च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्पादन शुल्क खात्याच्या भरतीत १० किलोमीटर धावताना दहाहून अधिक तरुण गेले. अशा प्रत्येक वेळी चर्चा होते ती ऊन, अंतर आणि व्यवस्थेची. ती व्हायलाच हवी. पण आदिवासीबहुल पालघरमध्ये आणखी एक प्रश्न विचारायला हवा, तो रक्ताचा.

येथील वारली, कोकणा, काटकरी या समाजांत सिकलसेलचे वाहक आढळतात. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सिकलसेलचे जनुक मिळाले, तर ती व्यक्ती वाहक. तिला हा आजार नसतो. ती शेतात राबते, कारखान्यात पाळी करते, कबड्डी खेळते आणि बहुतेकदा आयुष्यभर आपण वाहक आहोत हे तिला कळतही नाही. तिच्या तांबड्या पेशींत मात्र साधारण ३५ ते ४० टक्के हिमोग्लोबिन सिकल प्रकारचे असते. जीव तोडून धावताना स्नायूंत प्राणवायू कमी पडतो, आम्ल साठते, अंग तापते, घामाने पाणी घटते. हे चारही एकदम झाले, तर त्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. स्नायू फुटू लागतात. त्यातून सुटलेले पोटॅशियम हृदयाला आणि मायोग्लोबिन मूत्रपिंडाला घातक ठरते.

असे क्वचितच घडते, हे ठळकपणे सांगायला हवे. अमेरिकी लष्करातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले नाही, मात्र श्रमामुळे स्नायू फुटण्याचा धोका दीडपट होता. म्हणजे वाहक असणे हे कोणाला मैदानाबाहेर काढण्याचे कारण नाही. अमेरिकेत राइस विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉलपटू सप्टेंबर २००६मध्ये लागोपाठच्या वेगवान धावांनंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो वाहक होता. पुढे २०१०पासून तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने वरच्या श्रेणीतील खेळाडूंची सिकलसेल स्थिती जाणून घेणे सक्तीचे केले. वाहकांना खेळू दिले गेले, बदलली ती सरावाची पद्धत.

ही पद्धत पालघरच्या कोणत्याही मैदानावर बिनखर्चाने चालेल. पहिले दहा-चौदा दिवस घड्याळ लावून धावायचेच नाही. अंतर आधी, वेग नंतर. चारशे मीटरच्या फेऱ्या मारायच्या तर मध्ये पुरेशी विश्रांती द्यायची. पाणी मागायला लागू नये, समोर असावे. ताप, जुलाब किंवा रात्रपाळीचे जागरण झाले असेल, तर त्या दिवशी सुट्टी. जव्हारचा मुलगा सुमारे ४५० मीटर उंचीवरच्या हवेतून पालघरच्या दमट किनारपट्टीवर उतरतो, त्यालाही या उकाड्याची सवय व्हायला तेवढेच दिवस लागतात. आणि उशिरा आलेल्याला शिक्षा म्हणून मैदानाला पळवत फेऱ्या मारायला लावण्याची जुनी रीत पहिल्या आठवड्यात तर अजिबात नको. वाहक नसलेल्यांनाही यातले काहीच अपायकारक नाही.

पहाटेची हवा शुद्ध असते हा समजही बोईसरमध्ये जरा तपासून घ्यावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात हवा, पाणी आणि जमीन मिळून तारापूर ९३.६९ गुणांसह देशातील औद्योगिक पट्ट्यांत सर्वांत वर होते. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन तिथेच साचते आणि धूर ऊन चढेपर्यंत वर जात नाही. डोळे चुरचुरत असतील, उग्र वास येत असेल, तर त्या दिवशी वसाहतीपासून लांब धावावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोसळणारा मुलगा ओळखणे. पेटके आलेला मुलगा पाय धरून ओरडतो, त्याचा स्नायू दगडासारखा घट्ट लागतो. सिकलसेलच्या वाहकाचे तसे नसते. धाव सुरू झाल्यावर काही मिनिटांतच त्याच्या मांड्या-पोटऱ्यांतले बळ जाते, तो हळूहळू खाली बसतो, शुद्धीवर असतो, बोलतो, आणि स्नायू हाताला मऊ लागतात. पाहणाऱ्याला वाटते की पोरगा ढोंग करतोय. ‘ऊठ, सोडू नको’ ही हाक इथे जीव घेऊ शकते. त्याला उभे करायचे नाही. आडवे करून गार करावे, प्राणवायू असेल तर लावावा आणि १०८ला फोन करावा. नंतरच्या तासांत लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर घरी थांबू नये.

तपासणीची सोय आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आणि त्यात आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची चाचणी करण्याचे ठरले आहे. आधी रक्ताच्या थेंबाची प्राथमिक चाचणी आणि शंका आली तर पुढची खात्रीची, मग कार्ड. हे कार्ड घरच्या पेटीत जातीच्या दाखल्याशेजारी पडून राहते. भरतीच्या टेबलावर ते कोणी मागू नये, कारण त्यावरून कोणाची संधी जाता कामा नये. मागायचे ते सराव घेणाऱ्या शिक्षकाने, पहिल्या दिवशी, बुटांचे बंद बांधण्याआधी. आणि कार्ड नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा पत्ता द्यायचा.