बार कौन्सिल ही वकिलांची युनियन नव्हे

वकिलांनी निवडून दिलेली बार कौन्सिल वकिलांवरच शिस्तीचा बडगा का उगारते, हा सवाल बाररूममध्ये नेहमी ऐकू येतो. आपल्या मतांवर निवडून येते, तेव्हा तिने आपलीच कड घ्यावी, हा त्यामागचा हिशेब. तो साफ चुकीचा आहे. 1961च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 6ने वकिलांच्या हक्कांचं रक्षण तिच्याकडे सोपवलं, तसाच गैरवर्तनाच्या तक्रारींचा निवाडाही. एक हवं, दुसरं नको, अशी सोय कायद्यात नाही.

मुंबईचंच प्रकरण घ्या. मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात काही वकील उभे राहत, येणाऱ्या पक्षकाराला गाठत, हातातले कागद हिसकावत, फीचे भाव पाडत, प्रसंगी आपसांत हातघाईवर येत. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने त्यांना दोषी धरलं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियमाच्या शब्दांवर बोट ठेवून त्यांना सोडलं. राज्य कौन्सिल गप्प बसली नाही, सर्वोच्च न्यायालयात गेली. तिला अपील करता येतं का, हाच वाद आधी निघाला. 1975 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने ‘येतं’ असा निर्वाळा दिला. पेशाची शिस्त राखणं हे तिचं कामच आहे. आपल्याच सनदधारकांविरुद्ध दिल्लीपर्यंत लढणाऱ्या संस्थेला युनियन कसं म्हणायचं? मला त्या अपिलाचा अभिमान वाटतो.

संपाचंही तेच. 2002 मध्ये हरीश उप्पल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना संपाचा अधिकार नाही, असं बजावलं. तरी कामकाजापासून अलिप्त राहण्याचे ठराव होतच राहतात. पहाटेची एसटी धरून आलेला पक्षकार नुसती तारीख घेऊन परततो. ज्याचा जामीनअर्ज बोर्डावर आहे, तो कोठडीतच राहतो. त्याच्या वतीने कौन्सिलने बोलायचं नाही, तर कोणी?

मग शिस्तीचे हे अधिकार सरकारकडेच द्या, म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. सरकारविरुद्ध रिट लढवणाऱ्याची सनद सरकारच्याच मुठीत गेली, तर गांजलेल्या माणसाने जायचं कुठे? कौन्सिल स्वायत्तच हवी. मात्र स्वायत्ततेच्या आड झाकाझाक नको. तक्रार वर्षभरात निकाली काढा, असं कलम 36-ब सांगतं. मुदत टळली की प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. प्रकरण तिथवर जाऊ देणं राज्य कौन्सिलला कमीपणाचं वाटलं पाहिजे. शिवाय तक्रार ऐकणाऱ्या शिस्तपालन समितीचे तिन्ही सदस्य वकीलच असतात. वकिलाविरुद्ध दाद मागणाऱ्याला तिथे आपलं ऐकलं जाईल, असा भरवसा कसा वाटावा? समितीवर पेशाबाहेरची एक जाणती व्यक्ती घेण्यासाठी कायद्यात दुरुस्ती व्हावी, आणि ती मागणी कौन्सिलने स्वतःच करावी.