पीएच.डी. झाली, आता पुढे काय?

पदवी मिळाली की घरात मिठाई वाटली जाते आणि आठवडाभरात प्रश्न सुरू होतो, 'आता नोकरी कधी?' कॉलेजात कायम जागा क्वचित निघतात, तासिका तत्त्वावरच्या मानधनात घर चालत नाही. मुलगी असेल तर निकाहची घाई. या गडबडीत संशोधक घडण्याची खरी दोन-तीन वर्षे हातची जातात. म्हणून या महिन्यात आम्ही पीएच.डी. नंतरच्या संशोधनवृत्तीबद्दल, म्हणजे 'पोस्ट डॉक'बद्दल सांगणार आहोत.

वर्धा जिल्ह्यातल्या मुलांना त्यासाठी फार लांब जायला नको. शेजारी नागपूरला 'नीरी' ही राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. १९५८ साली ती सुरू झाली. पाण्यातले फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने काढण्याची 'नालगोंडा पद्धत' तिथलीच. पाणी, हवा, कचरा, सांडपाणी यांवर तिथे काम चालते, त्यामुळे रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, सिव्हिल व केमिकल इंजिनीअरिंगवाल्यांना वाव आहे. नीरी ज्या सीएसआयआरची आहे, तिचे महासंचालकपद साठच्या दशकात डॉ. सय्यद हुसैन झहीर यांनी सांभाळले होते. हे दालन आपल्याला परके नाही.

मार्ग मुख्यतः तीन. पहिला, सीएसआयआरची रिसर्च असोसिएटशिप. दुसरा, केंद्राची नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप. ती दोन वर्षांची असते आणि प्रबंध सादर करून पदवीची वाट पाहणाऱ्यांनाही अर्ज करता येतो. तिसरा, घरसंसारात खंड पडलेल्या भगिनींसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'वाइज-किरण' योजना.

फेलोशिपसाठी वयाची अट ३५ वर्षांची. स्त्रिया व ओबीसींना पाच वर्षांची सूट. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत मोडतात. पण राज्याचा दाखला पुरत नाही. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते पाहून केंद्रीय नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर दाखला आधीच काढून ठेवा.

अर्जाआधी मार्गदर्शक शोधावा लागतो. ज्या शास्त्रज्ञाकडे जायचे, त्याचे अलीकडचे शोधनिबंध वाचा. मग एका पानात लिहा: तुमचे काम काय, त्यांच्या कामाशी ते कुठे जुळते, दोन वर्षांत काय करणार. दहा जणांना एकच पत्र पाठवू नका. उत्तर आले नाही तर पंधरा दिवसांनी अदबीने आठवण द्या.

पीएच.डी. साठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली. तो फटका मोठाच आहे. म्हणूनच ज्यांनी कष्टाने पदवी गाठली, त्यांनी पुढच्या पायरीवर थांबू नये. वडीलधाऱ्यांना आमची एवढीच विनंती की, 'नोकरी कधी?' विचारण्याआधी 'अर्ज कुठे केलास, बेटा?' असे विचारा. आणि लेकीलाही तेच विचारा.