बीबीएची तयारी अकरावीच्या अर्जापासून

बीबीए किंवा बीएमएस करायचं आहे, असं सांगणारी मुलं-मुली आता बोदवडमध्येही भेटतात. मी इंजिनिअर, नोकरी पुण्यात, म्हणून निकालानंतर मला फोन येतात. "भाईजान, आता काय करायचं?" असं विचारणाऱ्या बहुतेकांची तोवर बारावी झालेली असते. खरं तर हा प्रश्न दोन वर्षं आधी, दहावीनंतरच विचारायला हवा. या शिक्षणाचे काही दरवाजे अकरावीचे विषय निवडतानाच उघडतात किंवा बंद होतात.

आधी काय बदललं ते पाहू. 2024-25 पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले. त्याच वर्षी राज्याच्या सीईटी सेलने त्यांच्यासाठी पहिली प्रवेश परीक्षा घेतली. अनेकांना तिची खबरच नव्हती. जागा रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी तर अभ्यासक्रमाचं नाव बदलून 'बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज' केलं, म्हणजे सीईटीची अट नको. तेव्हा प्रवेश घेताना पदवीचं नाव नीट वाचा.

या सीईटीला बारावीची कोणतीही शाखा चालते. पेपर 100 गुणांचा, वेळ 90 मिनिटं. त्यात इंग्रजीला 40, रीझनिंगला 30, सामान्य ज्ञानाला 15 आणि संगणकाला 15 गुण. उर्दू किंवा मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांनी यातला 40 हा आकडा लक्षात ठेवावा. इंग्रजी वाचनाची सवय शेवटच्या दोन महिन्यांत लागत नाही. अकरावीपासून रोज अर्धा तास दिला तर लागते.

दुसरी गोष्ट गणिताची. आपल्याकडे वाणिज्य शाखेत बहुतेक ठिकाणी एसपी की गणित, अशी निवड असते. "कॉमर्सला गणित कशाला?" असं म्हणून बरीच मुलं एसपी घेतात. राज्याच्या सीईटीला त्याने अडत नाही, पण पुढे अडतं. दिल्ली विद्यापीठाच्या बीएमएससाठी सीयूईटीमध्ये एक भाषा आणि जनरल टेस्टबरोबर गणित किंवा अप्लाइड मॅथेमॅटिक्स द्यावं लागतं. आयआयएम इंदूरने 2011 मध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या प्रवेश परीक्षेतही गणिताचा मोठा वाटा आहे. आणि जळगावातच बीबीए केलं तरी हिशेब, संख्याशास्त्र आणि फायनान्स चुकत नाही. ज्यांचं गणित सुटलं आहे, त्यांना एनआयओएसमधून बारावीचा एकच विषय घेऊन परीक्षा देता येते. मात्र ज्या विद्यापीठात जायचं, तिथे ते चालतं का हे आधी विचारून घ्या.

तिसरी तयारी कागदांची. बागवान, मोमीन, तांबोळी, पिंजारी अशा अनेक मुस्लिम जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण त्यासाठी जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि जात पडताळणी लागते. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असलं की शोधाशोध सुरू होते. काका-आत्यांचे दाखले, जुन्या महसुली नोंदी काढाव्या लागतात. हे काम सीईटीच्या निकालानंतर सुरू करून भागत नाही. अकरावीतच करा.

घरात कोणी तरी म्हणेलच, "धंदा आपल्या रक्तात आहे, त्याला डिग्री कशाला?" केळीच्या गाड्या भरणाऱ्या, गॅरेज आणि बेकरी चालवणाऱ्या आपल्या लोकांना धंदा येतो, यात शंका नाही. पण बँकेपुढे प्रोजेक्ट रिपोर्ट ठेवायचा, जीएसटीचं विवरण समजून घ्यायचं, की दुसरा माणूस सांगेल तिथे सही करायची, हा फरक शिक्षणाने पडतो. शिवाय दुकानाच्या गल्ल्यावर मुलाला बसवतात, मुलीला क्वचितच. तिच्यासाठी हीच पदवी बाहेर पडण्याचा रस्ता आहे.

2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. अर्जात दहापर्यंत महाविद्यालयांचे पसंतिक्रम देता येतात. पसंती भरण्याआधी प्रत्येक ठिकाणी जाऊन विचारा: वाणिज्यला गणित आहे का, आणि ते शिकवायला शिक्षक आहे का? अनेक ठिकाणी विषय कागदावर असतो, वर्गात नसतो. अशा ठिकाणी एका मुलीने मागून काही होणार नाही. दहा-पंधरा पालकांनी मिळून प्राचार्यांकडे लेखी मागणी करावी, संस्थेच्या बैठकीत हा विषय काढावा. आपल्या वस्तीत इज्तेमा, लग्नं आणि निवडणुकांसाठी माणसं जमतात. अकरावीच्या गणितासाठीही जमायला हवीत.