मजुरीचा रकाना

परवा आमच्या गल्लीतली बारावीतली मुलगी मेंदीचे कोन विकायला आली. श्रावण जवळ आला की दरवर्षी येते. वीस रुपयांना एक कोन. मी सहज विचारलं, "काय गं, सुटतात का चार पैसे?" तिनं लगेच मोबाइलमधला हिशोब दाखवला. मेंदीची पूड, निलगिरी तेल, साखर, प्लॅस्टिक, सगळं नीट लिहिलेलं. "आणि तुझी मजुरी?" असं विचारल्यावर मात्र ती हसायलाच लागली. "काकू, मजुरी कसली? घरीच तर करतो मी आणि आई."

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. माझ्याच तोंडून!

१९९१ सालची गोष्ट. मी वाईला नववीत शिकत होते. एका मैत्रिणीच्या घरी राख्या करताना पाहिल्या आणि डोक्यात घेतलं, आपणही करून विकायच्या. आजीनं १८० रुपये उसने दिले. वडील कामासाठी पुण्याला गेले, तेव्हा रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून सामान घेऊन आले. रेशमाच्या लड्या, स्पंजच्या चकत्या, टिकल्या, मणी, सोनेरी जर. रात्रीची जेवणं उरकली की आई, मी आणि धाकटी बहीण अशा तिघी बसायचो. रेशीम मधोमध घट्ट बांधायचं, टोकं कापायची आणि जुन्या टूथब्रशनं विंचरून गोंडा फुलवायचा. हे फुलवणं सगळ्यात किचकट, म्हणून ते आईकडे. दिवसभराचं काम करून ती रोज दोन तास मान खाली घालून बसायची.

वीस दिवसांत ३६० राख्या झाल्या. बाजारपेठेतल्या दुकानदारानं नऊ रुपये डझनानं तीस डझन घेतल्या. २७० रुपये हातात आले! आजीचे पैसे फेडून ९० रुपये नफा. मी गावभर सांगत सुटले.

ते ९० रुपये दादाच्या क्लासच्या फीला गेले. मला वाईट वाटलं असंही नाही. घराला हातभार लागला म्हणून मिरवलंच थोडं. दादा सुट्टीत एका दुकानात कामाला जायचा. त्याला मिळायचा तो 'पगार', आणि माझी मात्र 'हौस'. आई तर कुठल्याच हिशोबात नव्हती.

शेजारच्या काकू ब्लाउज शिवून संसार चालवायच्या. त्यांना मी मोठ्या कौतुकानं माझी वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून पान वाचलं आणि म्हणाल्या, "मजुरी कुठंय गं ह्यात?"

"काकू, घरचीच तर माणसं आहेत."

"घरच्या माणसांची मान दुखत नाही होय? मी नुसते दोऱ्याचे पैसे घेऊन ब्लाउज शिवला, तर माझी चूल पेटेल का?"

त्यांनी तिथंच मला गणित घातलं. तिघीजणी, रोज दोन तास, वीस दिवस, म्हणजे १२० तास. ९० रुपये भागिले १२०. तासाला पंचाहत्तर पैसे! एक राखी विकली तेवढ्याच भावाला. म्हणजे नफा नव्हताच तो. आमची मजुरीच होती, तीही अपुरी. मी तिला नफा म्हणत होते.

पुढच्या वर्षी वहीत मजुरीचा नवा रकाना आखला आणि बारा रुपये डझन असा भाव सांगितला. दुकानदारानं कुरकुर केली. तीसऐवजी वीसच डझन घेतल्या. घरी येईपर्यंत मला रडू कोसळलं. पण हिशोब मांडला तेव्हा सामानाचे १२० वजा जाऊन १२० रुपये उरले होते. तेही ८० तासांचे. तासाला दीड रुपया, दुप्पट! तिघींनी चाळीस-चाळीस वाटून घेतले.

आईनं ते पाकीट दोनदा परत केलं. "घरात कसली गं मजुरी?" तिसऱ्यांदा घेतलं, आणि मग हळूच विचारलं, "ह्याचा हिशोब कुणाला द्यायचा नाही ना?"

तिनं त्या चाळीस रुपयांचं काय केलं, ते मी कधीच विचारलं नाही.

मैत्रिणींनो, आज आपल्या लेकी मेंदीचे कोन करतात, केक करतात, मोबाइलवर ऑर्डरी घेतात. आपल्याला त्याचं कौतुकही असतं. पण घरच्या माणसांच्या कामाचे पैसे कसे मोजायचे, असं म्हणून आपणच त्यांना स्वस्तात विकायला शिकवतो. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. त्या संस्थेत पापड लाटण्याच्या मोबदल्याला स्वतःचं नाव आहे, 'वणई'. कामाला नाव मिळालं की ते हिशोबात येतं. 'हौस' म्हटलं की कधीच येत नाही. प्रेमानं केलेलं काम प्रेमानंच करावं, पण जे बाजारात विकायचं त्यात हातांची किंमत धरावीच लागते.

आणखी एक. दहा वर्षांवरच्या मुलामुलींना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता यावं, अशी मुभा रिझर्व्ह बँकेनं २०१४ सालीच बँकांना दिली आहे. त्याच्या मर्यादा बँक ठरवते. तेव्हा लेकीची कमाई घरखर्चात मिसळण्याआधी बँकेत जाऊन एकदा चौकशी करा.

त्या मेंदीवाल्या मुलीला मी मोबाइलमध्ये दोन ओळी वाढवायला लावल्या. एक तिच्या मजुरीची आणि दुसरी तिच्या आईच्या. कोन पंचवीस रुपयांना झाला. मी चार घेतले.