गाणे कोणाचे, दंड कोणाला?

पांढुर्ण्याच्या बाजारात सकाळी दुकान उघडले की आधी उदबत्ती लागते आणि मग गाणे लागते. सौंसरचे कापड दुकान असो, बसस्थानकाजवळची चहाची टपरी असो की दोन खुर्च्यांचे केशकर्तनालय असो, रिवाज एकच. हा निरुपद्रवी रिवाज कायद्याच्या दृष्टीने गुन्हा ठरू शकतो, हे आमच्या किती दुकानदारांस ठाऊक आहे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकांसाठी गाणे वाजविणे हा त्या कृतीचा सार्वजनिक उपयोग होय आणि त्यास परवाना लागतो. कलम ६३ ने सांगितलेली शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड अशी आहे. मोबाईलवर गाणी ऐकण्याची वर्गणी भरली म्हणजे आपण मोकळे झालो, ही समजूतही खोटी. ती वर्गणी घरगुती ऐकण्यापुरती असते, दुकानासाठी नव्हे.

आमची भूमिका प्रथमच स्पष्ट करतो. गाणे फुकट मिळावे असे आम्ही म्हणत नाही. १८४७ साली पॅरिसच्या एका उपाहारगृहात अर्नेस्ट बुर्जे या गीतकाराने आपलेच गाणे वाजताना ऐकले आणि बिल देण्याचे नाकारले. तुम्ही माझ्या गाण्याचे देत नाही, तर मी तुमच्या पेयाचे का द्यावे, हा त्याचा सवाल होता. त्यातूनच १८५१ साली फ्रान्समध्ये गीतकार-संगीतकारांची वसुली संस्था उभी राहिली. तो सवाल आजही बिनतोड आहे. आपल्या देशात तर १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने चित्रपटगीताची मालकी निर्मात्याकडे गेली, आणि गीतकार-संगीतकारांना न सोडता येणारा वाटा मिळण्यास २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. ज्याच्या शब्दांवर आमच्या दुकानाची सकाळ उजाडते, त्याच्या घरी चूल पेटलीच पाहिजे.

पण हक्क मान्य करणे निराळे आणि वसुलीचा हा गोंधळ मान्य करणे निराळे! एका गाण्यात हक्क दोन. शब्द आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. पहिल्यासाठी आयपीआरएस ही नोंदलेली संस्था आहे. दुसऱ्यासाठी आरएमपीएल ही संस्था २०२१ साली नोंदली गेली. पण पीपीएल आणि नोव्हेक्स याही आपापल्या गाण्यांचे परवाने देत आल्या. नोंदणीवाचून असे परवाने देता येतात काय? मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली ‘नाही’ म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली ‘होय’ म्हटले. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या खंडपीठाने पुन्हा नोंदणीची अट सांगितली, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशातील दरविषयक निर्देशास स्थगिती दिली. जेथे न्यायमूर्तींचे एकमत होत नाही, तेथे हातात कैची धरलेल्या माणसाने कोणत्या दाराशी पैसे मोजावेत? आणि हे सारे दरपत्रक इंग्रजीत! दुकानदार बोलतो मराठी, कचेरी चालते हिंदीत, आणि दंडाची धमकी येणार इंग्रजीत. न समजणाऱ्या भाषेतला कायदा हा कायदा नसून धाक असतो.

कायद्याला दया माहीत नाही असेही नाही. कलम ५२ ने खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभास आणि लग्नाच्या वरातीस सूट दिली आहे. लग्नातल्या गाण्यांवर वसुली करू नये, असे केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सूचनेद्वारे बजावलेही. मग वरातीला जी सवलत, ती टपरीला का नाही? अमेरिकेने १९९८ साली २,००० चौरस फुटांहून लहान दुकानांना आणि ३,७५० चौरस फुटांहून लहान उपाहारगृहांना रेडिओ-टेलिव्हिजनपुरती सूट दिली. ती फार मोठी आहे असा निवाडा २००० साली जागतिक व्यापार संघटनेच्या मंडळाने दिला, हे आम्ही लपवीत नाही. पण त्याच मंडळाने अधिक मर्यादित सूट ग्राह्य धरली होती. म्हणजे वाट अरुंद आहे, बंद नाही.

आमच्या मागण्या तीन. दोन्ही हक्कांची वसुली एकाच खिडकीवर व्हावी. एका साध्या संचावर गाणे लावणाऱ्या लहान दुकानास सूट, निदान नाममात्र दर, कायद्यानेच मिळावा. आणि २०२३ साली जिल्ह्याचे ठिकाण झालेल्या पांढुर्ण्याच्या कचेरीत मराठी व हिंदी दरपत्रक टांगले जावे.

तोवर दुकानदारांनी भिऊ नये आणि झोपूही नये. वसुलीस कोणी आला तर संस्थेची नोंदणी, गाण्यांची यादी आणि छापील दर मागावा. पावतीवाचून पैसा देऊ नये. नोंदलेल्या संस्थेचा दर जाचक वाटला तर कलम ३३-अ प्रमाणे दाद मागता येते. ती एकट्याने नव्हे, व्यापाऱ्यांनी मिळून मागावी. तुकोबांचे अभंग कोणाच्या मालकीचे नाहीत, पण त्यांना दिलेली नवी चाल आणि केलेले ध्वनिमुद्रण मालकीचे असते. १९६८ साली निवर्तलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांवरील हक्क तर २०२८ अखेरपर्यंत चालतो. हा भेद जाणून घेणे हेच खरे संरक्षण.

गाणाऱ्याचे देणे आम्ही देऊ. पण ते गाणाऱ्याच्या हाती पडते, की वाटेतल्या दलालांच्या खिशात विरते, हे विचारण्याचा हक्क देणाऱ्याचाच आहे. तो हक्क आम्ही सोडणार नाही!